गुलाबी घडाची काडी

जानेवारीतली थंडी निफाडच्या बाजूला जरा जास्तच मनावर घेते. मामांच्या द्राक्षबागेत त्या सकाळी शेकोट्यांचा धूर ओळींमधून अजून रेंगाळत होता, ठिबक पहाटेपासून चालू होते आणि पायाखालची काळी माती चपलेला चिकटत होती. संध्याकाळी व्यापारी माल पाहायला येणार होता, म्हणून मजूर बायका घडांवरचे कागद एकेक करून सोडवत होत्या आणि मामा कात्री घेऊन ओळीतून पुढे सरकत होते. एका वेलीपाशी ते थांबले. तिच्या एकाच काडीवरचे तिन्ही घड फिकट गुलाबी होते. कुठे डाग नव्हता, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू असा फरक नव्हता. मण्यामण्यावर सारखाच रंग चढला होता. त्याच वेलीच्या बाकीच्या काड्यांवर मात्र नेहमीचे पोपटी, दुधाळ झाक असलेले थॉमसन जातीचे घड लोंबत होते. ‘पिंक बेरी,’ मामा म्हणाले, म्हणजे थंडीने हिरव्या मण्यांवर चढणारा गुलाबी रंग, आणि त्यांनी ते घड कापून सरीत टाकले. मग जरा थांबून, पुढच्या वर्षी पुन्हा कटकट नको म्हणून, त्यांनी ती काडीही बुडापासून कापली. मी म्हटले, ‘मामा, पिंक बेरी असती तर एकाच काडीला कशी आली असती? शेजारच्या काडीलाही तीच थंडी होती ना?’ त्यांनी काडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘असेल बाई तुझं खरं. पण व्यापाऱ्याला ते कोण पटवून सांगणार?’

यात भांडण्यासारखे काही नव्हते. हिरव्या मालात गुलाबी मणी दिसला की भाव पडतो, हे नाशिक जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि त्यासाठीच तर घडांना कागद लावायचा खर्च केलेला असतो. तरीही ती काडी डोक्यातून जाईना. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक होणारा बदल, हा शब्द दर वर्षी फळ्यावर लिहिते, त्याखाली रेघ मारते आणि १९१० साली मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये निघालेल्या एका पांढऱ्या डोळ्यांच्या माशीची गोष्ट सांगते. त्या माशीला मॉर्गन यांनी जिवापाड जपले आणि तिच्यातून गुणसूत्रांचे अर्धे शास्त्र उभे राहिले. इथे तेच कदाचित माझ्या डोळ्यांसमोर सरीत पडले होते. मला सर्वांत जास्त अडकवून ठेवले ते मामांच्या दुसऱ्या कात्रीने. थंडीचा दोष काडीत मुक्काम करत नाही. तो त्या हंगामापुरता असतो. तो पुढच्या वर्षी त्याच काडीतून परत उगवेल अशी शंका ज्याला येते, त्याने मनातल्या मनात दुसरेच काही ओळखलेले असते.

हवेने बदललेले आणि आतून बदललेले, यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हीच या विषयातली मुळातली अडचण आहे. डेन्मार्कच्या योहानसेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेवड्याच्या बियांवर केलेले काम मला म्हणूनच फार आवडते. एकाच शुद्ध वंशातल्या शेंगांमधून त्यांनी मोठ्या बिया निवडल्या, लहान बिया निवडल्या, दोन्ही वेगवेगळ्या पेरल्या आणि पुढच्या पिढीच्या बिया तोलल्या. मोठ्यांची लेकरे मोठी आणि लहानांची लहान निघतील ही सगळ्यांची अपेक्षा होती. निघाली ती सरासरीने सारख्याच वजनाची. म्हणजे त्या बियांमधले लहानमोठेपण माती, पाणी आणि शेंगेतली जागा यांनी दिलेले होते. वारशात त्याची नोंदच नव्हती. ‘जीन’ हा शब्द याच माणसाने १९०९ मध्ये दिला. मामांच्या काडीचा निकाल लावायचा तर हीच रीत वापरावी लागली असती. त्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे फूट येणारी कळी, घ्यायचा, खुंटावर कलम करायचा, दोन वर्षे थांबायचे आणि घड कोणत्या रंगाचा येतो ते पाहायचे. ‘एका काडीसाठी दोन वर्षं?’ असे मामा म्हणाले असते, आणि बँकेचे हप्ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहेत.

बागेत उभे राहिले की हजारो वेली दिसतात, पण जनुकांच्या हिशेबाने ती एकच वेल असते.

थॉमसनचे बी नसते, त्यामुळे तिला आईबाप असण्याचा प्रसंगच येत नाही. एका वेलीची काडी दुसरीकडे लावायची, तिची काडी तिसरीकडे, असा तो प्रवास आहे. इराण आणि तुर्कस्तानच्या बाजूला ही जात किशमिश किंवा सुलतानिना या नावांनी जुन्या काळापासून होती. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदाराने तिची काडी मागवून लावली आणि पुढे जगभर त्याचेच नाव तिला चिकटले. आपल्याकडे तिची काडी आज बहुधा डॉगरीज या अमेरिकन जातीच्या खुंटावर बसलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरात कलम बांधणारा कारागीर येतो, त्याचे काम मी लहानपणापासून तासन् तास पाहत आले आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन डोळ्यांची काडी तो दोन बाजूंनी तासून तिची पाचर करतो, खुंटाला मधोमध चीर देतो, पाचर आत सरकवतो आणि सालीखालचा ओला हिरवा थर एकमेकांना भिडेल अशी बोटांनी चाचपून घेतो. मग प्लास्टिकची पट्टी वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळतो, इतक्या झपाट्याने की मान वर करेपर्यंत तो पुढच्या खुंटावर गेलेला असतो. काही आठवड्यांत डोळा फुगतो, कापसासारखी लव दिसते आणि कोवळी लालसर पालवी बाहेर येते. त्या जोडाच्या खाली अमेरिकन जातीची मुळे असतात, वर आशियातून आलेली वेल असते. पाणी आणि अन्न या जोडातून ये-जा करते, जनुके मात्र आपापल्या घरी राहतात. खालच्याने वरच्याला खारे पाणी सोसायला मदत करावी, पण त्याच्या मण्याच्या रंगात ढवळाढवळ करू नये, असा हा संसार आहे.

मग एकाच वेलीच्या या अखंड नकलांमध्ये वेगळा रंग येतो कुठून? द्राक्षवेलीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. २००७ मध्ये फ्रान्स आणि इटलीच्या संशोधकांनी पिनो न्वार या जातीपासून काढलेल्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला, तेव्हा एका संचात डीएनएची सुमारे ५० कोटी अक्षरे आणि त्यांत जवळजवळ ३० हजार जनुके असल्याचे दिसले. प्रथिने बनवणारी माणसाची जनुके साधारण २० हजार भरतात, हे ऐकून मामांना फार बरे वाटले होते. पेशी दुभंगताना ही सगळी अक्षरे उतरवून घ्यावी लागतात. उतरवणारे विकर (एन्झाइम) लिहिता लिहिता मागे वळून तपासते, त्यातूनही सुटलेल्या चुका दुरुस्त करणारी दुसरी यंत्रणा मागून येते, आणि एवढे सगळे झाल्यावर ढोबळमानाने १०० कोटी अक्षरांमागे एखादी चूक शिल्लक राहते. वेलीच्या पेशीत संच दोन, म्हणजे अक्षरे १०० कोटी. हिशेब सरळ आहे: बहुतेक प्रत्येक विभाजनात कुठे ना कुठे एखादे अक्षर बदलत असणार. त्यातले बहुतेक बदल कोणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण ते ज्या ठिकाणी होतात तिथे फारसा मजकूरच नसतो, किंवा ते एखाद्या पानाच्या पेशीत होतात आणि ते पान एप्रिलच्या खरड छाटणीत जाते. बदल जर डोळ्याच्या शेंड्यातल्या, सतत वाढणाऱ्या मोजक्या पेशींपैकी एकीत झाला, तरच त्याला भविष्य मिळते. त्या पेशीची लेकरे पुढे काडीभर पसरतात. द्राक्षाच्या शेंड्यात तर पेशींचे दोन थर असतात आणि ते आपापले घराणे वेगळे चालवतात. पिनो ग्री नावाच्या राखी-गुलाबी द्राक्षात साल बनवणारा बाहेरचा थर रंगीत आणि आतला थर बिनरंगाचा असतो. एकाच मण्यात दोन जनुकसंच शेजारी नांदतात, आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

रंगाची मूळ गोष्ट मात्र यापेक्षा चमत्कारिक आहे, कारण द्राक्षाचा मूळचा रंग काळा-जांभळा. रानटी द्राक्ष काळे, त्याचे जुने वंशजही काळे. हिरवे द्राक्ष, म्हणजे आपण ज्याला साधे द्राक्ष म्हणतो ते, बिघाडातून आलेले आहे. सालीत रंगद्रव्य तयार करणारी सगळी विकरे हिरव्या द्राक्षातही ठाकठीक लिहिलेली असतात. त्यांना कामाला लावणारे एक नियंत्रक जनुक असते, ते गप्प असते. ते गप्प का, याचे उत्तर २००४ मध्ये कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये दिले. त्या जनुकाच्या अगदी सुरुवातीला, जिथे ते वाचायला घ्यायचे असते त्या उंबरठ्यावर, सुमारे १० हजार अक्षरांचा एक परका तुकडा येऊन बसलेला होता. ग्रेट-१ हे त्याचे नाव. या जातीच्या तुकड्यांना स्वतःची नक्कल काढून ती दुसरीकडे डकवायची खोड असते. आपल्या शहरात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स रातोरात एखाद्या दुकानाच्या दारासमोर उभा राहावा, तसा हा प्रकार. दुकान शाबूत, माल शाबूत, मालकही आत बसलेला. पण गिऱ्हाईक आत शिरू शकत नाही, म्हणून धंदा बंद. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की शेजारी तसेच दुसरे एक नियंत्रक जनुक आहे, आणि हिरव्या द्राक्षात तेही अक्षरांच्या किरकोळ फेरफाराने निकामी झालेले आहे. त्यांनी तपासलेल्या ५० हून अधिक हिरव्या जातींमध्ये हीच जोडगोळी सापडली. म्हणजे जगातले बहुतेक सगळे हिरवे द्राक्ष हजारो वर्षांपूर्वी घडलेल्या एकाच अपघाताचा वारसा सांगते. पिंपळगावच्या मार्केटमध्ये क्रेटवर क्रेट चढतात ती या अपघाताची संतती.

कधी कधी तो फ्लेक्स निघतोही, पण पूर्ण नाही. त्याची दोन टोके सारख्याच अक्षरांची असतात. पेशी दुरुस्ती करताना ती दोन टोके एकमेकांशी जुळली, तर मधला सगळा भाग गळून जातो आणि एकच टोक मागे राहते, फाडलेल्या फ्लेक्सची एक बांबूची चौकट उरावी तसे. दार अर्धवट उघडते, रंग परततो. इटालिया नावाच्या हिरव्या जातीवर ब्राझीलमध्ये अशीच एक लाल घडांची काडी निघाली होती, ती कोणीतरी कापून फेकली नाही, आणि आज ती रुबी ओकुयामा या नावाने स्वतंत्र जात म्हणून विकली जाते. कोबायाशींनी तपासले तेव्हा तिच्या उंबरठ्यावर ते एकुलते एक टोक सापडले. मामांच्या बागेतल्या त्या तीन घडांमध्ये हेच झाले होते का? त्या काडीचे एक कोवळे पान आणि एक बरी प्रयोगशाळा एवढ्यावर उत्तर मिळाले असते. उंबरठ्यावरचा तुकडा लांब आहे की आखूड, हे पीसीआर करून, म्हणजे त्या तुकड्याच्या नकला काढून, पट्ट्यांच्या उंचीवरून वाचता येते. ती पट्टी मी कधी पाहणार नाही, आणि याची चुटपुट मला आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या वाटाण्यातही असाच एक उपटसुंभ तुकडा स्टार्चच्या जनुकात घुसलेला होता, हे १९९० मध्ये कळले. म्हणजे आनुवंशशास्त्राची बाराखडी ज्या वाटाण्यावर गिरवली गेली, तोही अशाच घुसखोरीचा बळी. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून असे उड्या मारणारे तुकडे १९४० च्या दशकातच ओळखले होते. त्यांच्या बोलण्याकडे बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये, त्यांच्या वयाच्या एक्याऐंशिव्या वर्षी. कणसातला एक दाणा वेगळा का, यावर आयुष्य काढणारी माणसे आणि तो दाणा बाजूला टाकून उरलेले कणीस भाजणारी माणसे, यांतली दुसरी जात संख्येने मोठी असते आणि जग तिच्या जिवावर चालते, हेही मला मान्य आहे.

पण पहिली जात आपल्याकडेही आहे आणि ती शेतातच सापडते. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी बागेत फिरताना थॉमसनच्या वेलीवर लांबट मण्यांची वेगळी काडी पाहिली आणि ती जपली. तिचीच सोनाका झाली. काळ्या किशमिशच्या वेलीवरच्या अशाच एका बदलातून त्यांच्याकडे शरद सीडलेस आली. तास-ए-गणेश सांगली जिल्ह्यातली, तीही थॉमसनच्या एका डोळ्यातूनच निघालेली. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांच्या पाट्यांवर वाचतो त्यातली कितीतरी नावे मुळात कोणीतरी न कापलेल्या काड्यांची आहेत. प्रयोगशाळा नाही, पीसीआर नाही. रोजच्या हजार घडांमधून चालणारा, मण्याच्या आकारातला केसाएवढा फरक टिपणारा डोळा, आणि दोन वर्षे थांबायची ऐपत. मामांकडे पहिली गोष्ट नक्की आहे. दुसरी गोष्ट गारपिटीच्या आणि अवकाळीच्या वर्षांनी त्यांच्याजवळ ठेवलेली नाही.

बिनबियांचे द्राक्ष हा आणखी एक आवडता झालेला बिघाड. थॉमसनचा मणी दाताने अर्धा करून उजेडात धरा. गराच्या मधोमध तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढुरकी, मऊ अशी खूण दिसते. ते बी होते. फलन झालेले होते, गर्भ वाढू लागला होता, पण बीजकवच कडक करणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलल्यामुळे प्रथिनातला एक घटक चुकला, कवच तयार झालेच नाही आणि गर्भ आतल्या आत जिरला. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे अक्षर नेमके दाखवले. या बिघाडाची एकच प्रत पुरेशी असते, म्हणून पैदासकारांना तो पुढच्या पिढीत आणणे एरवी सोपे. पंचाईत एवढीच की बिनबियांच्या वेलीला आई करायचे तर तिचे लेकरू मरायच्या आत मण्यातून बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवावे लागते. जगभरचे पैदासकार हेच करतात. बाजारात आपण ‘बी नाही ना?’ असे विचारून घेतो, त्या प्रश्नामागे एवढी शुश्रूषा असते.

रंगाचे गणित मात्र उलटे आहे, आणि ते मला त्याच दिवशी दुपारी दुसऱ्याच ठिकाणी भेटले.

जेवणाच्या सुट्टीत बांधावरच्या बाभळीखाली मजूर बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. त्या पेठ तालुक्यातून आलेल्या; घड विरळ करण्यापासून (थिनिंग) काढणीपर्यंत अशा टोळ्या इकडेच मुक्कामाला असतात. मी ‘सायन्सच्या बाई’ आहे हे मामींनी सांगितलेले असावे. त्यांच्यातल्या एकीने नागलीची भाकरी बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. ‘ताई, हे वाच ना जरा. आश्रमशाळेत पोरीचं रक्त काढलं होतं. पोरगी तर धडधाकट हाय, मंग ह्यात काय लिहिलंय?’ कागदावर मुलीच्या नावापुढे सिकलसेल वाहक असा शेरा होता. शहाडोलहून १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची अशी तपासणी करायचे ठरले आहे. ते सात कोटी वर्तमानपत्रात वाचताना सपाट वाटतात, तेलाचा डाग पडलेल्या त्या घडीत वाटले नाहीत.

वाहक म्हणजे काय ते मी त्यांना सांगितले, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले की सकाळपासून मी याच गणिताभोवती फिरते आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ घटक असतात. तिच्या जनुकात सहाव्या जागेसाठी जीएजी ही तीन अक्षरे हवीत; सिकलसेलमध्ये तिथे जीटीजी असते. एक अक्षर, एक घटक. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६ मध्ये हे दाखवले तेव्हा अक्षरे वाचायची सोय नव्हती. त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून कागदावर पसरवले आणि ठिपक्यांच्या त्या नक्षीतला एकच ठिपका जागा सोडून सरकलेला पाहिला. त्या एका बदलाने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे लांबते, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडे फुटल्यासारखी दुखतात. पण हे केव्हा? आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती तशाच असतील तेव्हा. एक प्रत नीट असली की माणूस धडधाकट. द्राक्षाच्या सालीचेही नेमके तसेच: नियंत्रक जनुकाची एक प्रत जरी नीट असली तरी घड काळाच येतो, हिरवा रंग दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसतो. ज्या जोडीसाठी निफाडचा बागायतदार जीव टाकतो, त्या जोडीलाच पेठच्या घरात भ्यायला हवे. ही तुलना मी त्या बाईंसमोर केली नाही. माणसाच्या लेकराशेजारी द्राक्ष ठेवायला मला संकोच वाटला, आणि लिहितानाही तो गेलेला नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न साधा होता. ‘आमच्यातच का आला ह्यो?’ अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीवरून दिलेले उत्तर मी जमेल तसे सांगितले. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत होता, तिथे एक प्रत असलेली मुले त्या तापातून जास्त वाचली. वाचली म्हणून मोठी झाली, मोठी झाली म्हणून त्यांची प्रत पुढे गेली. सह्याद्रीच्या जंगलातला हिवताप त्यांच्या आजीच्या आठवणीत ताजा होता. त्या म्हणाल्या, ‘म्हंजी म्हातारीला ह्यानंच तारलं असंल.’ असेलही. शाप आणि वरदान असले शब्द या ठिकाणी लिहायचा मोह होतो, पण ते अक्षर दोन्ही नाही. डासांच्या मुलखात त्याचा एक अर्थ होता, आणि मलेरियाची गोळी आरोग्य उपकेंद्रात मिळू लागल्यावर फक्त दुखणे मागे उरले. मामांच्या काडीचेही तेच. गुलाबी रंगाला दर मिळणाऱ्या बाजारात ती काडी लग्नातल्या वरमाईसारखी मिरवली असती, असे म्हणायचे माझ्या ओठांवर आले होते.

विज्ञानाने यावर काढलेला ताजा उपाय वाचला तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. त्यात बदललेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर एक नियंत्रक जनुक ते बंद करते. रुग्णाच्या मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढून त्या नियंत्रकाचे बटण क्रिस्पर या जनुके कापणाऱ्या कात्रीने मुद्दाम बिघडवतात आणि पेशी परत देतात. मग बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते आणि पेशी वाकत नाहीत. बिघाडावर उतारा म्हणून दुसरा बिघाड, पण हा हिशेबाने केलेला. अमेरिकेतली त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. पेठ, सुरगाणा, कळवणसाठी आज तरी हायड्रॉक्सियुरियाची गोळी, भरपूर पाणी, वेळेवर रक्त आणि लग्नाआधीची एक तपासणी, एवढेच हाताशी आहे.

या शेवटच्या गोष्टीवर आमचे बोलणे सर्वांत जास्त चालले, कारण मुलीचे स्थळ आले होते. वाहकाने वाहकाशी लग्न केले तर प्रत्येक बाळंतपणात आजाराचा धोका चारात एक; मुलगा वाहक नसला तर तो धोका नाहीच. म्हणजे मुलीत खोट नाही, फक्त मुलाचे रक्त पाहायचे. पण मुलाकडच्यांना रक्त तपासा म्हणायचे कसे? माझ्या स्वतःच्या नात्यात, शिकलेल्या घरांत, एकनाड निघाली म्हणून चांगली स्थळे मोडताना मी पाहिली आहेत. संततीच्या काळजीने पंचांग उघडणाऱ्या त्या मंडळींना रक्ताचा अहवाल मागितला तर अपमान वाटतो. नाडीचा जनुकाशी काडीचाही संबंध नाही आणि अहवालाचा आहे, हे मी नातेवाइकांना सांगून पाहिले आहे. पुढच्या कार्याला माझी जागा आपोआप मागच्या रांगेत गेली. पेठच्या बाईंना निदान हा अनुभव नव्हता. त्यांनी गावी जाऊन सरळ विचारले. मुलाकडच्यांनी होकार दिला आहे, फक्त तपासणी गावात नको, नाशिकला करायची आणि मुलाच्या चुलत्यांना कळू द्यायचे नाही, अशी त्यांची अट आहे. मुलगा आणि त्याची आई सोमवारी पेठ डेपोच्या पहिल्या गाडीने येतील. मी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर घ्यायला जाणार आहे, आणि मुलीचा कागद सोबत आणा म्हणून फोनवर सांगून ठेवले आहे.